बायपासवाल्यांची पहिली रांग

नौपाड्यातल्या पुनर्स्पंदन मंडळात बसायला खुर्ची सगळ्यांना मिळे, पण सारखी मिळत नसे. ज्यांची छाती उघडून पुन्हा शिवलेली होती, ते पहिल्या रांगेत, हात टेकायच्या खुर्च्यांवर बसत. ज्यांना स्टेंट टाकलेल्या होत्या, ते त्यांच्या मागे, बिनहाताच्या खुर्च्यांवर. नुसती अँजिओग्राफी होऊन गोळ्यांवर भागलेली मंडळी भिंतीकडच्या बाकावर. आणि ज्यांना फक्त बीपी होतं त्यांना यायला बंदी नव्हती, पण त्यांनी तोंड उघडावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. हा नियम कुणी केला नव्हता. आपली पायरी ओळखून राहण्याचं वळण या लोकांना लहानपणापासून होतं, ते इथे उपयोगी पडलं एवढंच.

अण्णा टिपणीस या मंडळाचे अध्यक्ष होते. तीन ग्राफ्टची, म्हणजे तीन नसा जोडलेली, बायपास. "डॉक्टर मला म्हणाले, टिपणीस, तुम्ही इथवर चालत आलात हेच नवल," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की बाकावरची मंडळी ते ओठातल्या ओठात त्यांच्याबरोबर म्हणत. त्यांच्या तोडीचा एकच माणूस मंडळात होता, महेंद्र गुप्ते. त्याची बायपास दोनच ग्राफ्टची, पण वर एक झडप बदललेली. झडप धरायची की नाही यावर दर निवडणुकीला वाद व्हायचा. अण्णांचं म्हणणं, झडप हा वेगळा विषय आहे.

अण्णांची टेलिफोन खात्यातली सगळी नोकरी कुणाच्या लक्षात न येता झाली होती. निरोप समारंभात साहेबांनी त्यांना 'कुळकर्णी' म्हणून हार घातला होता. घरातही ते काही बोलायला लागले की मंदाकिनीबाईंना नेमका कुकर आठवायचा. बायपासने हे सगळं बदललं. आता ते 'यमाला परत पाठवताना' हे व्याख्यान ठाण्यापासून कल्याणपर्यंत देत, आणि डोंबिवलीत तर लोक ते दुसऱ्यांदा ऐकायला येत. घरात त्यांना आवाज चढवावा लागत नसे. नुसता हात छातीकडे नेला की पुरे. मुलाचं, सलिलचं, कॅनडाला जायचं ठरलं होतं, ते हात छातीकडे गेल्यावर बाळकुमला फ्लॅट घेण्यावर मिटलं. सुनेची, हेमांगीची, पुण्याची बदली तशीच मिटली. मंदाकिनीबाईंनी घरात वेगळा स्वयंपाक नको म्हणून स्वतःचंही मीठ सोडलं, आणि माहेरी राहायला जाणं सोडलं. अण्णा म्हणायचे, "मी काही मागत नाही रे कुणाकडे." ते खरंच होतं. मागायची वेळच येत नव्हती.

मंडळात आणखी एक माणूस होता, तो कुठल्याच रांगेत बसत नसे, कारण तो खुर्च्या मांडत असे. विठ्ठल मेस्त्री. विठ्ठलवाडीला राहायचा, फर्निचरची कामं घ्यायचा, मूळचा कोकणातला. चार वर्षांपूर्वी अण्णांची अँजिओग्राफी झाली त्याच दिवशी, त्याच हॉस्पिटलात, त्याचीही झाली होती. दोघांच्या खाटा शेजारीशेजारी होत्या. संध्याकाळी डॉक्टर आले, अण्णांना म्हणाले तीन ब्लॉक आहेत, ताबडतोब ऑपरेशन. विठ्ठलला म्हणाले, तुमचं हृदय पोरासारखं आहे, छातीत दुखतं ते पित्ताने, घरी जा. आत नेताना विठ्ठलने गावच्या देवाला सांगून ठेवलं होतं, की रिपोर्ट चांगला आला तर जन्मभर हार्टच्या पेशंटांची सेवा करीन. देवाने ऐकलं. तेव्हापासून तो दर रविवारी सकाळी नौपाड्यात येऊन खुर्च्या लावायचा, बिनसाखरेचा चहा वाटायचा, आणि जिना चढताना बायपासवाल्यांच्या पिशव्या वर न्यायचा. सभासद करून घ्या असं तो कधी म्हणाला नाही. महेंद्र गुप्त्यांनी एकदा गमतीने म्हटलं होतं, "विठ्ठलराव, एखादा तरी ब्लॉक आणा, मग बघू." विठ्ठल सगळ्यांपेक्षा जास्त हसला होता.

यंदा मंडळाचा वर्धापनदिन डोंबिवलीत मोठ्या सभागृहात करायचं ठरलं. खर्च हृदयांगण हॉस्पिटल करणार होतं. तेच हॉस्पिटल, जिथे अण्णांचं ऑपरेशन झालं. त्यांचा रुग्णसुरक्षा सप्ताह चालू होता, आणि सप्ताहाची सांगता वाचलेल्या माणसांच्या टाळ्यांनी व्हावी अशी त्यांची इच्छा होती. अण्णांना 'हृदयवीर' पुरस्कार मिळणार होता. अण्णांच्या मनात आलं, व्याख्यान चालू असताना मागे पडद्यावर आपल्या हृदयाचं रंगीत चित्र दिसावं, तीन ग्राफ्ट ठळक दिसणारं. म्हणून ते ठाण्यातल्या एका नव्या सेंटरमध्ये जाऊन सीटी स्कॅन काढून आले. तिथल्या डॉक्टरने त्यांना आत बोलावलं. सुश्रुत त्याचं नाव. वयाने सलिलपेक्षा लहान, आणि बोलायला भलताच सरळ.

"काका, तुमची बायपास नक्की कशासाठी झालेली?"

"तीन ब्लॉक. डॉक्टर मला म्हणाले, टिपणीस, तुम्ही इथवर..."

"तुमच्या मूळच्या तिन्ही रक्तवाहिन्या एकदम स्वच्छ आहेत."

"असणारच. मी पथ्य किती पाळतो विचारा कुणालाही."

"पथ्याने ब्लॉक नाहीसा होत नाही हो काका. बायपास म्हणजे बंद रस्त्याला वळसा काढायचा. बंद रस्ता आत तसाच पडून असतो. तुमच्यात बंद रस्ताच नाही. उलट जोडलेल्या नसा वाळून गेल्यात. तिकडून जायची रक्ताला गरजच पडली नाही."

अण्णांनी जरा विचार केला. "म्हणजे आता मी बरा आहे?"

"तुम्ही आजारी नव्हताच."

अण्णांना इतकं लागेलसं आजवर कुणी बोललं नव्हतं. निरोप समारंभातले साहेबसुद्धा नाहीत.

"चूक झालीय," सुश्रुत म्हणाला. "दुसऱ्या कुणाची तरी फिल्म तुमच्या नावावर गेली, आणि ती बघून तुम्हाला कापलं. वाईट झालं. पण मला काळजी तुमची नाहीये. ती फिल्म ज्याची होती त्याला तुमचा रिपोर्ट दिला असणार. तीन ब्लॉक घेऊन तो माणूस बिनधास्त फिरतोय, जगला असेल तर. त्या दिवशी तुमच्याबरोबर कोण होतं?"

"आठवत नाही," अण्णा म्हणाले. हे उत्तर आपोआप आलं. त्यांना स्वतःलाही त्याचं आश्चर्य वाटलं.

खरं तर त्यांना सगळं आठवत होतं, रिक्षात बसल्यावर तर आणखीच. त्या दिवशी दुपारी अमावास्या लागत होती. नंबर आधी विठ्ठलचा होता, मग अण्णांचा. अण्णांचे साडू हृदयांगणच्या व्यवस्थापकाबरोबर पत्ते खेळायचे. अण्णांनी साडूंना फोन केला, साडूंनी व्यवस्थापकाला, आणि अण्णा अमावास्येच्या आधी आत गेले. विठ्ठल म्हणाला, "जावा तुम्ही अण्णा, मला काय घाई." आत टेबलावर घेताना पेशंटला नाव विचारायची पद्धत असते. पण वरून फोन आलेल्या माणसाला नाव विचारणं तिथल्या पोराला उद्धटपणाचं वाटलं. तो म्हणाला, "या सर, तुम्हाला ओळखतो आम्ही." कॉम्प्युटरचे मात्र कुणी साडू नव्हते. त्याने आपला आधीचाच क्रम धरला. पहिली फिल्म विठ्ठलच्या नावावर, दुसरी अण्णांच्या.

नौपाड्यात रिक्षातून उतरेपर्यंत अण्णांना दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या. विठ्ठलला सांगितलं तर विठ्ठल वाचेल. आणि विठ्ठलला सांगितलं तर अण्णा टिपणीस नावाच्या माणसाला काही झालंच नव्हतं हे ठाण्यापासून कल्याणपर्यंत सगळ्यांना कळेल. बाकावरसुद्धा जागा मिळणार नाही. बीपीदेखील नव्हतं त्यांना.

सांगायचं हे त्यांनी नक्की केलं. फक्त वर्धापनदिन होऊन जाऊ दे, असं ठरवलं. चार वर्षं काही झालं नाही, त्याला आठवडाभरात काय होतंय.

सुश्रुतने हृदयांगणला मेल टाकला होता. दोन दिवसांनी तिकडून अण्णांना बोलावणं आलं. हॉस्पिटलच्या दाराशी मोठी रांगोळी काढलेली होती, विषय 'योग्य रुग्ण, योग्य उपचार'. तिला दुसरं बक्षीस मिळालेलं होतं. रुग्णसुरक्षा विभागाच्या विनिता मॅडम त्यांना केबिनमध्ये घेऊन गेल्या. मॅडम फार अदबीने बोलत.

"सर, सुश्रुत सरांचा मेल आला. आम्ही हे फारच सिरीयसली घेतलंय."

"मग पुढे काय?"

"ते तुमच्यावर आहे ना सर. पेशंटने तक्रार केली तर समिती बसते. समिती बसली की त्या दिवशीच्या सगळ्या पेशंटना बोलावून तपासायचं, घरच्यांना सांगायचं, ऑपरेशन का झालं, कसं झालं, सगळं उघड करायचं. तुम्ही म्हणाल तर आजच सुरू करू."

"आणि तक्रार नाही केली तर?"

"तर चूक झालेली नाही."

मॅडमनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"तुम्हाला सध्या काही त्रास आहे का सर?"

"नाही."

"दम लागतो? छातीत दुखतं?"

"नाही."

"बघा. मग तुमचं ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी म्हणायचं. खरं सांगू? तुमच्याइतका चांगला रिझल्ट आमच्याकडे दुसरा नाही."

"आणि तो दुसरा माणूस?"

"ते आमच्याकडे परत आलेच नाहीत, सर. म्हणजे तेही ठणठणीत असणार." मॅडम हसल्या. "रविवारच्या कार्यक्रमात तुम्ही आधी बोलणार, की पुरस्कार घेऊन मग? फोटोग्राफर विचारत होता."

अण्णा म्हणाले, पुरस्कार घेऊन मग.

त्या संध्याकाळी त्यांनी घरात चाचपणी केली. मंदाकिनीबाई वालाच्या शेंगा सोलत होत्या.

"अगं, समज, उद्या कुणी म्हणालं की मला काही झालंच नव्हतं. बायपासची गरजच नव्हती. तर तुला काय वाटेल?"

मंदाकिनीबाईंचे हात थांबले. इतक्या वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं.

"मला काय वाटेल ते सोडा," त्या म्हणाल्या. "माझी आई शेवटचं आजारपण काढत होती नाशकात, आणि मी इथे तुमच्या उशाशी बसून राहिले. सलिलने आलेली नोकरी सोडली. ते कशापायी केलं आम्ही, हे तुम्हीच सांगा मग."

"गंमत केली गं."

"असली गंमत करू नका." त्यांनी शेंगा पुन्हा हातात घेतल्या. "तुम्हाला सोसायची नाही."

हे वाक्य नेहमीचंच होतं, पण या वेळी अण्णांना ते नीट ऐकू आलं.

तरी अण्णा अगदीच दगड नव्हते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी विठ्ठल सजावटीचं काम दाखवायला आला. त्याने स्टेजसाठी प्लायवूडचं पुरुषभर उंचीचं हृदय कापून आणलं होतं. वरून लाल सनमायका, आणि तीन निळ्या नसा वेगळ्या बसवलेल्या, अण्णांच्या. मंडळाच्या खोलीत ते भिंतीला टेकवून तो खाली बसला आणि गमछ्याने मान पुसत राहिला.

"दम लागला?" अण्णांनी विचारलं.

"जिन्याने लागतो हल्ली. आणि इथे जळजळतं." त्याने छातीच्या मधोमध तळहात ठेवला. "पित्त माझं जुनंच. आमची केशर म्हणते, मच्छी सोडा. सोडतो कसला."

"विठ्ठलराव, एकदा तपासून घ्या तुम्ही."

"कशाला वो? तुमच्यासमोरच सांगितला ना डॉक्टरनी, पोरासारखं हाय म्हणून." विठ्ठल हसला. "तुम्ही अण्णा एवढे आजारी, आणि काळजी माझी करता. केशरला सांगितलं ना हे, तर रडायला लागेल ती."

"नाही, म्हणजे डॉक्टरांची पण कधीकधी..." अण्णांनी सुरुवात केली. ती त्यांनी खरोखर केली होती, हे ते पुढे स्वतःला अनेकदा सांगणार होते.

एवढ्यात महेंद्र गुप्ते आत आले. "काय खलबतं चाललीयत अध्यक्षांची?"

"काही नाही," अण्णा म्हणाले. "नसांचा रंग जरा गडद हवा होता."

"मारतो आजच दुसरा हात," विठ्ठल म्हणाला, आणि उठला.

रविवारी दुपारी डोंबिवलीचं सभागृह भरलं. बाहेर हृदयांगणची नवी अँब्युलन्स उभी होती, फुगे आणि फिती लावलेली. लोक तिच्यासमोर सेल्फी काढत होते. ते लाकडी हृदय लिफ्टमध्ये मावेना. शिवाय लिफ्टवर 'फक्त हृदयरुग्णांसाठी' असा कागद चिकटवलेला होता, तेव्हा विठ्ठलने हृदय पाठीवर घेतलं आणि जिन्याने वर नेलं. त्याची बायको, केशरबाई, मागून "सावकाश वो, सावकाश" म्हणत चढत होती. स्टेजवर ते उभं झालं तेव्हा टाळ्या पडल्या. हृदयाला.

अण्णांना पुरस्कार मिळाला. व्याख्यान तर त्या दिवशी असं रंगलं, की ते स्वतःच चकित झाले. मरणाचं वर्णन करताना त्यांचा आवाज खरोखर कापत होता. "त्या काळोख्या दारात मी उभा होतो," ते म्हणाले, आणि डावीकडे बघून हात पसरला. डावीकडे विंगेत विठ्ठल एका रिकाम्या खोक्यावर बसलेला त्यांना दिसला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, शर्ट छातीला चिकटला होता, आणि डावा हात त्याने उजव्या हाताने असा धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा तरी सांभाळायला दिलाय. त्याने अण्णांकडे बघून मान हलवली. चालू दे, चालू दे.

अण्णांचं व्याख्यान संपायला एकच परिच्छेद उरला होता. तो सगळ्यात चांगला होता. त्यांनी तो पूर्ण केला.

टाळ्या थांबल्यावर मंडळ विठ्ठलभोवती जमलं. ज्याच्या त्याच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी होती. हृदयरोगाबद्दल यांच्याइतकं जाणणारी माणसं इतक्या संख्येने एका पेशंटच्या वाट्याला सहसा येत नाहीत. दुसऱ्या रांगेतल्या एकाने डबी काढलीसुद्धा.

"अहो, काय करताय?" महेंद्र गुप्ते म्हणाले. "त्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे. भलत्या माणसाला गोळी दिलीत आणि बीपी पडलं तर?"

"मग सोडा द्या."

"जेवण काय झालेलं?"

"कोलंबीचं कालवण," केशरबाई घाबऱ्या घाबऱ्या म्हणाल्या. "त्यांना आवडतं म्हणून."

"तिथेच आहे बघा," भिंतीकडच्या बाकावरचं कुणीतरी म्हणालं. सगळ्यांना हायसं वाटलं. डबी खिशात परत गेली. मग सगळ्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं.

"हॉस्पिटलला नेऊ," अण्णा म्हणाले. हे बोलताना आपण माणुसकीला जागलो असं त्यांना वाटलं. अँब्युलन्सचा ड्रायव्हर जेवायला गेला होता, तो आला, फिती सोडवल्या, आणि विठ्ठलला हृदयांगणच्या डोंबिवली शाखेत नेलं. अण्णा पुढे बसले. त्यांच्या गळ्यात हार तसाच होता. महेंद्र गुप्ते मागून स्वतःच्या गाडीने आले.

कॅज्युअल्टीत कृतिका नावाची डॉक्टर होती. तिने ईसीजीची पट्टी दोनदा बघितली, कॉम्प्युटरवर विठ्ठलची जुनी नोंद काढली, आणि कपाळाला आठी घातली.

"ईसीजी थोडा गडबड वाटतोय. पण चार वर्षांपूर्वीची अँजिओग्राफी इथे एकदम नॉर्मल दिसतेय. आमच्याकडचीच आहे." ती केशरबाईंकडे वळली. "बरोबर आहे ना ही?"

"आमच्या अण्णांना विचारा," केशरबाई म्हणाल्या. "ते तिथेच होते. शेजारच्या खाटेवर."

डॉक्टर अण्णांकडे वळली. "काका, जरा नीट सांगा, कारण माझ्यापुढे दोन रस्ते आहेत. रक्तवाहिन्या खरंच स्वच्छ असतील तर मी रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत थांबते. उगाच आत घेऊन नळ्या नको घालायला. पण जरा जरी शंका असेल, म्हणजे त्यांना कधी काही वेगळं सांगितलं असेल, दुसरीकडे काही निघालं असेल, तर मी आत्ता, या मिनिटाला कॅथलॅब उघडून पुन्हा अँजिओग्राफी करते. तुम्हाला काही माहिती आहे?"

पडद्याआडून विठ्ठलचा श्वास ऐकू येत होता. अण्णांनी तोंड उघडलं. त्यांच्या शेजारी महेंद्र गुप्ते येऊन उभे राहिले होते, आणि त्यांनी सहज, काळजीने, अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला.

अण्णांना वाटलं, रक्ताचा रिपोर्ट येणारच आहे. त्यात असेल तर दिसेल. विज्ञान एवढं पुढे गेलंय. मग आपण कशाला मध्ये?

"स्वच्छ होता," ते म्हणाले. "माझ्यासमोर सांगितलं डॉक्टरांनी."

यात एक अक्षरही खोटं नव्हतं. डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितलं होतं.

"मग थांबू," डॉक्टर कृतिका म्हणाली.

विठ्ठलने पडद्याआडून हाक मारली, "अण्णा, तुम्ही बसा वो. उभे नका राहू." ते त्याचं शेवटचं सलग बोलणं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा तो हृदयविकाराचाच होता, पण तोवर आत धावपळ होऊन संपली होती, आणि कुणीतरी पडदा नीट ओढून घेत होतं.

हॉस्पिटलने लिहून दिलं, तीव्र झटका, अचानक. डॉक्टर कृतिकाने केशरबाईंना समजावलं, की असं धडधाकट माणसालाही होऊ शकतं. रुग्णसुरक्षा सप्ताह एकही तक्रार न येता पार पडला. विनिता मॅडमनी मंडळाला शोकसंदेश पाठवला, त्यात विठ्ठलचं नाव बरोबर होतं.

दहाव्याच्या दिवशी अण्णा विठ्ठलवाडीला गेले. सलिलने गाडी काढली. चाळीसारख्या त्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात विठ्ठलने स्वतः केलेली कपाटं, आणि माणसं दाटीवाटीने बसलेली. अण्णा आत येताच बायकांनी सरकून जागा केली. एकाने खुर्ची आणली. हात असलेली.

बोलणं आधीपासूनच चालू होतं, ते अण्णा बसल्यावर पुन्हा सुरू झालं. विठ्ठलची वहिनी म्हणत होती, "काळीज चांगलं हाय म्हणून सर्टिफिकेट होतं माणसाकडे. मग जातो कसा? पोटातनंच गेला तो. भर उन्हाचं कोलंबीचं कालवण, आणि वर जिना."

"पित्ताचा माणूस," दुसरी म्हणाली.

"सांगून सांगून थकलो आम्ही," वहिनी म्हणाली. "पण हिला हौस."

विठ्ठलचा मुलगा संदेश भिंतीला टेकून बसला होता. तो आईकडे बघत नव्हता. त्या रविवारपासून बघत नसावा, असं त्या घरातल्या शांततेवरून कळत होतं. केशरबाई कोपऱ्यातून उठल्या आणि अण्णांच्या समोर येऊन खाली बसल्या. त्यांचा आवाज अगदी बसला होता.

"अण्णा, तुम्ही यातले जाणते. एवढी भाषणं देता. मला एकच सांगा. यांचं काळीज चांगलं होतं ना?"

सगळी खोली अण्णांकडे बघायला लागली. सलिलही.

"होतं ना?" केशरबाईंनी पुन्हा विचारलं. "मग माझ्या हातचं खाऊनच गेले का? सांगवत नसलं तरी सांगा. हा पोरगा माझ्या हातचं पाणी पण घेत नाही हो. मी मनाला नाही लावून घेणार. फक्त खरं सांगा."

खरं सांगायला ती जागा चांगली होती. एकाच वाक्याने ही बाई सुटली असती. मुलगा उठून आईजवळ गेला असता, वहिनी गप्प बसली असती. अण्णांनी त्या वाक्याची मनात जुळवाजुळवही केली. मग त्यांना वाटलं, विठ्ठलला तर आता त्याचा काहीच उपयोग नाही. आणि जिथे गेलेल्या माणसाला उपयोग नाही, तिथे जिवंत माणसाचं नुकसान का करायचं? हा जिवंत माणूस म्हणजे कोण, याचा विचार त्यांनी केला नाही.

ते पुढे वाकले, आणि त्यांनी केशरबाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

"झालं ते झालं, केशरबाई," ते म्हणाले. "तुम्ही काही मुद्दाम केलं नाहीत. मी तरी तुम्हाला दोष देणार नाही."

खोलीतून एक निःश्वास गेला. केशरबाईंनी मान खाली घातली, ती अण्णांच्या पायांपर्यंत गेली. त्यांना जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं. वहिनीने पदर डोळ्यांना लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ गं, केवढं समजून घेतलं त्यांनी. दुसरा तोंडावर थुंकला असता." संदेशने तेवढ्यापुरतं आईकडे पाहिलं. मग तो उठून बाहेर गॅलरीत गेला.

चहा आला. बिनसाखरेचा एक कप वेगळा होता. तो घेऊन अण्णा थोडा वेळ बसले, विठ्ठलबद्दल चार चांगले शब्द बोलले, आणि पुढच्या रविवारी मंडळात त्याला श्रद्धांजली वाहणार असल्याचं सांगून उठले.

जिन्याच्या तोंडाशी संदेश उभा होता. जिना अंधारा होता, आणि पायऱ्या उंच. "अण्णा, दमानं," तो म्हणाला, आणि त्याने त्यांचा दंड धरला. अण्णांनी तो धरू दिला.